केंद्र दीड मिलिमीटर डावीकडे

माझ्या दोन भुवयांचा नेमका मध्य कुठे आहे, हे मला मिलिमीटरपर्यंत ठाऊक आहे. लग्न जमवताना ही माहिती कुणी विचारली नाही आणि नोकरीच्या अर्जातही तिला रकाना नव्हता. पण नारायण पेठेत मी तीन वर्षं ज्यांच्याकडे भाड्यानं राहिले, त्या काकांना माणसाबद्दल सगळ्यांत आधी तेवढंच जाणून घ्यायचं असे.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदाराची वजनं खरी आहेत का, तराजूचा काटा झुकत नाही ना, कापडवाल्याची मीटरपट्टी आखूड नाही ना, हे तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली. लोखंडी वजनाच्या बुडाशी शिशाचं बूच असतं. वजन बरोबर निघालं की ते त्या बुचावर छाप मारत. ऐन नोकरीत त्यांना ध्यानाचा नाद लागला. तेही नुसतं डोळे मिटून बसायचं ध्यान नव्हे. दोन्ही डोळ्यांची नजर वर उचलून भुवयांच्या मधोमध लावायची, श्वास आत जाताना मनात 'सो' म्हणायचं, बाहेर येताना 'हम्', आणि तिथे प्रकाशाचा बिंदू दिसेपर्यंत हे रोज करत राहायचं. तो दिसतो असं पुस्तकांत लिहिलंय. काकांनी एकतीस वर्षं वाट पाहिली होती आणि तो दिसला नव्हता. हे ते कुणापासून लपवत नसत. बाकी सगळ्या बाबतींत समाधानी असलेल्या त्या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती.

मी अमरावतीची. खराडीला नोकरी लागली तेव्हा कुणीतरी त्यांचा पत्ता दिला. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता कपाळाकडे बघत राहिले. टिकली सरकली असेल म्हणून मी हात लावून पाहिला, तर टिकली लावलेलीच नव्हती. वरच्या मजल्यावरची खोली दाखवून झाल्यावर त्यांनी अटी सांगितल्या. मी काय खाते ते माझं मी बघावं, माझ्याकडे कोण येतं-जातं तेही माझं मी बघावं, पाणी सकाळी येतं ते भरून ठेवावं. मला वाटलं, पुण्यात असा घरमालक मिळणं म्हणजे पूर्वपुण्याई.

मग म्हणाले, "सकाळी साडेपाचला खाली येऊन बसावं लागेल."

"येईन ना काका. मी तशीबी लवकर उठून राहिली आजकाल."

"उठून राहू नका. उठा आणि या."

पहिल्या सकाळी माझी पडताळणी झाली. काकूंनी टॉर्च धरला आणि काकांनी कपाटातून व्हर्नियर कॅलिपर काढला. अकरावीच्या प्रयोगशाळेत त्या उपकरणानं मला छळलं होतं, पण ते कधी माझ्याच तोंडावर लावलं जाईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी उजवी भुवई मोजली, डावी मोजली, मधलं अंतर तीनदा मोजलं आणि सरासरी काढली. काडेपेटीच्या काडीनं तिथे गंधाचा ठिपका दिला आणि एका लांबड्या नोंदवहीत माझ्या नावापुढे आकडे लिहिले. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकं लिहिणारे 'भ्रूमध्य' असं लिहून मोकळे झाले, पण कुणाची भुवई लांब असते, कुणाची आखूड. चुकीच्या जागी तीस वर्षं बघत बसलात तर त्यात प्रकाशाचा काय दोष?

"एकतीस वर्षं कपाळात बघतायत," टॉर्च बंद करत काकू म्हणाल्या. "कपाळात काय आहे ते मला लग्न ठरलं त्याच दिवशी कळलं होतं."

काकूंचा आवाज असा कोरडा, की त्या चिडल्यात की मजेत आहेत हे कळायला मला वर्ष लागलं. त्या स्वतः कधीच ध्यानाला बसल्या नाहीत. आमचं चालू असायचं तेव्हा त्या आतल्या खोलीत भाजी निवडत असायच्या आणि सव्वासहाला चहा घेऊन यायच्या. दारावर मात्र काकांच्या अक्षरातली पाटी होती: 'साडेपाच ते सव्वासहा नजर वर आहे. बेल वाजवू नये.' दूधवाला ती पाटी इतकी पाळायचा, की सात वाजलेले असले तरी आधी दाराला कान लावायचा.

भुवयांच्या बाबतीत काका फार काटेकोर होते. न्हाव्याकडे गेले की खुर्चीत बसण्याआधीच सांगत, डोळ्यांच्या वर हात न्यायचा नाही. त्यामुळे त्यांच्या भुवया वळचणीच्या गवतासारख्या वाढल्या होत्या. मला या गोष्टीचं गांभीर्य कळलं ते चुलतबहिणीच्या लग्नानंतर. लग्नाला जाण्याआधी मी पार्लरमध्ये जाऊन आले, चारचौघींसारख्या भुवया कोरून घेतल्या. परतल्यावर सकाळी खाली उतरले, तर काका माझ्याकडे बघून जागीच थांबले. काकूंना हाक मारली, टॉर्च मागवला. पार्लरवालीनं डावी भुवई आतल्या बाजूनं जरा जास्त कोरली होती असं कॅलिपरमध्ये निघालं. माझं केंद्र दीड मिलिमीटर डावीकडे सरकलं होतं. त्यांनी वहीतली माझी जुनी पडताळणी लाल शाईनं रद्द केली आणि पुढे कारण लिहिलं: 'पक्षकाराने परवानगीशिवाय मापात फेरफार केला.'

काकांची ही साधना घरातच राहिली असती तर निम्म्या पेठेत त्यांचं नाव झालं नसतं. पण काका मोकळा वेळ वाया घालवत नसत. एकदा ते बहिणीकडे कात्रजला बसनं निघाले होते. बसायला जागा मिळाली, म्हणून त्यांनी तिथेच नजर वर लावली. डोळे उघडे, बुबुळं वर गेलेली, मान ताठ आणि ओठ मिटलेले. शेजारच्या बाईंनी तिकिटाचे सुटे मागायला त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि किंचाळल्या. कंडक्टरनं बस थांबवली. दोन कॉलेजच्या मुलांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. काकांना सगळं ऐकू येत होतं, पण त्यांनी एकशे आठ श्वासांचा संकल्प सोडला होता आणि मधेच बोललं तर तो मोडतो. पुढे ही हकीकत ते स्वतःच सांगायचे. उचललं तेव्हा एकोणचाळीस झाले होते. रुग्णालय आलं तेव्हा सत्त्याहत्तर. डॉक्टर छातीला तारा लावत असताना एकशे आठ पूर्ण झाले, तेव्हा काकांनी डोळे खाली आणून त्यांना नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवत विचारलं, "हा तुमचा वजनकाटा शेवटचा कधी तपासला होतात?"

त्यांच्या प्रामाणिकपणाचा किस्सा मात्र मला काकूंनी सांगितला. लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या भाऊबीजेला काकू भावाला ओवाळायला माहेरी गेल्या, काकाही बरोबर गेले. भावाचं घराखालीच किराणा दुकान होतं. ओवाळणं झालं, फराळ झाला आणि पान खायला म्हणून काका खाली उतरले. त्यांनी सवयीनं अर्धा किलोचं वजन उचललं, उलटं केलं. बुडाशी छाप नव्हता. त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचं वजन जप्त केलं, जागेवर पंचनामा केला आणि साक्षीदार म्हणून काकूंची सही घेतली. भाऊ पुढे सहा वर्षं आला नाही. "उभ्या नोकरीत एका खोट्या वजनावर छाप मारला नाही हो ह्यांनी," काकू म्हणाल्या. "माझ्या माहेरच्यालासुद्धा सोडलं नाही." कोरड्या आवाजातला अभिमान मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आमच्या वर्गात मी, काका आणि तळमजल्यावरचे झेरॉक्सवाले एवढेच होतो. झेरॉक्सवाल्यांना सगळं दिसायचं. पहिल्या आठवड्यात निळा प्रकाश, दुसऱ्यात जांभळा, तिसऱ्यात सोन्याचं कमळ आणि कमळात कुणीतरी बसलेलं. काका शांतपणे ऐकून घेत आणि वहीत 'अप्रमाणित' असं लिहीत. ते गेल्यावर मला सांगत, की ज्याचा काटा इतका भराभर पळतो त्याची स्प्रिंग गेलेली असते. रोज शेवटी ते मलाही विचारत. मी 'नाही' म्हणे, ते 'नाही' असं लिहीत, मग स्वतःच्या नावापुढेही 'नाही' लिहीत. झेरॉक्सवाले सोडले, तर वहीभर नुसते 'नाही' होते.

खरं सांगायचं तर मला त्या काळात एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे झोप. खराडीला ऑफिसात प्रोजेक्ट संपत आला होता, घरी यायला नऊ-साडेनऊ व्हायचे आणि साडेपाचला उठून भुवयांकडे बघायचं म्हटलं की डोळे आपोआप मिटायचे. ऑफिसातली माझी मैत्रीण म्हणाली, "सिंपल आहे गं. दिसला म्हणून सांग. कोर्स कम्प्लीट." मला ते पटलं. मात्र झेरॉक्सवाल्यांचं काय होतं ते मी बघत होते, तेव्हा सोन्याचं कमळ वगैरे चालणार नव्हतं. मी कमीत कमी खोटं बोलायचं ठरवलं.

सोमवारी काकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, काल संध्याकाळी वर खोलीत बसले होते तेव्हा एक ठिपका दिसला. टाचणीच्या डोक्याएवढा, पांढुरका, दोन सेकंद. आणि मधोमध नाही काका, किंचित डावीकडे.

हे 'डावीकडे' माझ्या तोंडून का गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. खोट्याला जरा खऱ्याचा वास यावा म्हणून गेलं असेल. काकांच्या हातातला पेन थांबला. त्यांनी वहीची पानं मागे उलटली, माझ्या भुवया कोरल्यानंतरची नोंद काढली आणि तिच्यावर बोट ठेवून बसून राहिले. मग त्यांनी माझ्या नावापुढे 'होय' लिहिलं. एकतीस वर्षांत त्या वहीत तो शब्द पहिल्यांदाच येत होता.

मंगळवारी मी निवांत आठपर्यंत झोपायचं ठरवलं होतं. सव्वापाचलाच दार वाजलं. दारात काका, हातात स्वतःची सतरंजी. आत आले, सतरंजी माझ्यासमोर पसरली, दुखऱ्या गुडघ्यांवर हात दाबत हळूहळू खाली जमिनीवर बसले आणि मला खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आता आपण शिकवायचं," ते म्हणाले. "ज्यानं बघितलंय त्यानं शिकवावं. मी आजवर नुसता मोजत होतो."

कालपर्यंत मला 'तुम्ही' म्हणणारा सत्तरीचा माणूस 'आपण' म्हणत होता आणि मी नाइट ड्रेसवर खुर्चीत बसले होते. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. जीभ कुठे ठेवली होती? श्वास किती लांब होता? किती वेळ बसलात? मी काहीतरी विश्वसनीय वाटावं म्हणून दोन तास म्हटलं. त्या रात्री काय जेवला होतात? त्या रविवारी मी कंटाळा करून उपाशीच झोपले होते, म्हणून खरं तेच सांगितलं. काकांनी सगळं लिहून घेतलं. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला म्हणून तिसरं असं ते रोज वाढत गेलं. झेरॉक्सवाले येता-जाता मला वाकून नमस्कार करू लागले आणि माझी झेरॉक्स फुकट काढू लागले, तेवढाच काय तो फायदा झाला.

तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा काकू जिन्यातच थांबल्या होत्या. त्या कधी माझ्या खोलीत येत नसत. त्या दिवशी आल्या, कॉटच्या कडेला बसल्या आणि पदराशी चाळा करत राहिल्या. मग सांगू लागल्या. काका रात्रीचं जेवण टाकून बसले होते. रोज दोन तास नजर वर लावत होते आणि दुपारी पुन्हा दोन तास. डोळे लाल झाले होते, डोकं ठणकत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, तर डॉक्टरांनी डोळे बघून ते पुढे ढकललं. तरी ऐकत नव्हते. म्हणत होते, आता रस्ता सापडलाय.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "तू खरंच बघितलंस?"

मी मान खाली घातली. काकू रागावल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाल्या, "मग त्यांना तूच सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटेल मी साधनेच्या आड येतेय." त्या गेल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जेवलेच नाही.

सकाळी काका सतरंजी घेऊन आले. ते खाली बसायच्या आत मीच जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. ठिपका नाही, डावीकडे नाही, दोन तास नाहीत. झोपायला मिळावं म्हणून बोलले. रडूही आलं. काका उभेच होते. लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते, भुवयांच्या मधे नव्हे, सरळ डोळ्यांत. मग वळून खाली गेले. मला वाटलं, आता सामान बांधायचं. तेवढ्यात वही आणि लाल पेन घेऊन ते परत आले. 'होय'वर आडवी रेघ मारली, बाजूला 'खोटे' लिहिलं आणि माझी सही घेतली. वही मिटली.

"म्हणजे कुणालाच नाही," ते म्हणाले.

"नाही काका."

आणि ते हसायला लागले. पोट धरून, खुर्चीचा आधार घेऊन हसले. काकू धावत वर आल्या, त्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. हसू ओसरल्यावर काका खुर्चीत बसले आणि डोळे पुसत मला म्हणाले, "अहो, तीन आठवडे मला झोप नाही. आम्ही एकतीस वर्षं घासतोय आणि पाकिटातल्या नूडल्स खाणाऱ्या पोरीला चार महिन्यांत दिसतो. मला तुमचा राग येत होता. नजर भ्रूमध्यात आणि मनात मत्सर. 'सो' म्हणताना वाटायचं, हिला का? 'हम्' म्हणताना वाटायचं, मला का नाही? असा गलिच्छ माणूस आहे मी, हे मला या वयात कळलं. बरं झालं सांगितलंत." मग काकूंकडे वळून म्हणाले, "चहा टाक. आणि रात्री मला जेवायला वाढ. वांग्याची भाजी कर."

मी पुन्हा 'आपण'वरून 'तुम्ही'वर आले. साडेपाचला खाली जात राहिले, आणि गंमत म्हणजे त्यानंतर मला तिथे झोप आली नाही. महिन्याभरात काकांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा त्यांनी काय पाहिलं असेल तर माझ्या भुवया. पार्लरला गेले नव्हते ना याची खात्री करून घेतली.

लग्न झाल्यावर मी खराडीतच राहायला गेले. निघताना काकांनी मला एक चिठ्ठी दिली. त्यावर माझं माप, खाली 'मुदत एक वर्ष' आणि आप्पा बळवंत चौकातून करून आणलेला 'पडताळले' असा जांभळा शिक्का. तेव्हापासून दर दिवाळीनंतर त्यांचा फोन येतो. मुदत संपली, इतकंच बोलतात आणि ठेवतात. मी रविवारी जाते. काकू टॉर्च धरतात, काका मोजतात, मग विचारतात. मी 'नाही' म्हणते. ते 'मलाही नाही' म्हणतात, दोन्ही 'नाही' वहीत लिहितात, शिक्का मारतात आणि आम्ही चहा पितो. माझ्या वर्षातला इतका निवांत चहा दुसरा नसतो.

या वर्षी एक गोष्ट घडली. ऑफिसच्या सहलीहून परतताना येरवड्याच्या पुलावर बस अडकली होती, पाऊण तास हलत नव्हती. सगळे मोबाइलमध्ये होते. माझी बॅटरी संपलेली, म्हणून मी डोळे मिटले आणि जुन्या सवयीनं नजर वर गेली. 'सो', 'हम्'. काही मागत नव्हते, काही आठवतही नव्हते. आणि फ्रिजचं दार किलकिलं उघडावं तेवढा उजेड आला. लहानसा, स्थिर. ऊन असेल म्हणून मी डोळे उघडले, तर खिडकीचा पडदा ओढलेला होता. पुन्हा मिटले, तर तो तिथेच होता, किंचित डावीकडे. बस हलली तेव्हा गेला.

त्या रविवारी नारायण पेठेत जाताना वाटभर मी वाक्यं जुळवत होते. काकांना कसं सांगायचं, आधी काय, नंतर काय. काकांचा हात आता थरथरतो, कॅलिपर काकूंनी एका बाजूनं धरून ठेवावा लागतो. जमिनीवर बसणं तर कधीच सुटलंय, खुर्चीतून उठायलाही त्यांना दोन दम लागतात. "दीड," ते म्हणाले. "सरकलेलं नाही." पेन उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी 'होय' म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, हीच तर अडचण होती. मागचं सगळं विसरून त्यांनी सतरंजी मागवली असती आणि त्या गुडघ्यांनिशी माझ्यासमोर खाली बसायला निघाले असते.

"नाही काका," मी म्हटलं.

"मलाही नाही," ते खुशीत म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. मग त्यांनी वहीत माझ्या नावापुढे सावकाश 'नाही' लिहिलं, शिक्का शाईत दाबला, त्यावर फुंकर घातली आणि नेमका मारला. उभ्या आयुष्यात एकाही खोट्या वजनावर छाप न मारलेल्या माणसाकडून मी तो मारून घेतला.